पडद्याचे पहिले चेहरे
(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेतील भाषण)



भारतीय चित्रपटाच्या जन्माची कथा महाराष्ट्रात आणि महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांतून इतक्यांदा सांगितली गेली आहे, की ती आता जवळजवळ पुराणकथाच झाली आहे. धुंडिराज गोविंद फाळके यांनी गिरगावातल्या एका तंबूत ख्रिस्ताच्या चरित्रावरचा चित्रपट पाहिला, १९१२ मध्ये ते विलायतेस जाऊन आले, पत्नीचे दागिने गहाण पडले, आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला. या कथेचा नायक एकच आणि तो निःसंशय थोर. परंतु चित्रपट ही काही चित्रकारासारखी एकट्याने करावयाची कला नव्हे. कॅमेऱ्याच्या मागे फाळके होते, पण कॅमेऱ्याच्या पुढे कोण होते? आजच्या व्याख्यानाचा विषय त्या माणसांचा आहे. त्यांतल्या तिघांविषयी थोडे विस्ताराने सांगावयाचे आहे: अण्णा साळुंके, दुर्गाबाई कामत आणि दुर्गाबाईंची कन्या कमलाबाई.

बडोदेकरांना या विषयात विशेष रस वाटावा अशी कारणे आहेत. फाळके इथल्या कलाभवनात शिकले. चित्रकला, मूर्तिकाम, छायाचित्रण यांचे संस्कार त्यांच्यावर इथे झाले. जवळच्या गोध्र्यात त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय मांडला होता. प्लेगच्या साथीत पहिली पत्नी आणि मूल गेल्यावर तो व्यवसाय त्यांनी सोडला आणि ते पुन्हा बडोद्यास आले. इथेही धंदा चालला नाही. कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती शोषून घेतो आणि त्याचे आयुष्य कमी करतो, असा समज त्या काळी शहरात पसरला होता, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. आज आपण या समजुतीला हसतो. पण कॅमेऱ्यापुढे उभे राहिल्याने आपल्यापासून काहीतरी हिरावले जाईल, ही भीती पुढे वेगळ्या रूपाने फाळक्यांच्या वाटेत आली. तेव्हा प्रश्न आयुष्याचा नव्हता, अब्रूचा होता.

‘राजा हरिश्चंद्र’साठी नट मिळवणे फाळक्यांना जड गेलेच. ‘सिनेमात काम करतो’ असे सांगणे म्हणजे लोकांच्या नजरेतून उतरणे. म्हणून ‘हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत काम करतो’ असे सांगा, असे त्यांनी आपल्या माणसांना सुचवले, अशी आठवण प्रसिद्धच आहे. हरिश्चंद्राच्या भूमिकेला दत्तात्रय दामोदर दाबके मिळाले, विश्वामित्र गजानन वासुदेव साने यांनी केला, रोहिदासासाठी फाळक्यांनी स्वतःचा मुलगा भालचंद्र उभा केला. अडले ते तारामतीपाशी. वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या गेल्या. कुलीन स्त्रिया येणे शक्यच नव्हते, पण वेश्यावस्तीतूनही कुणी टिकेना. नाचगाण्यावर पोट भरणाऱ्या बाईलाही कॅमेऱ्यापुढे उभे राहणे कमीपणाचे वाटावे, ही गोष्ट त्या काळाच्या प्रतिष्ठेच्या कल्पनांविषयी बरेच काही सांगून जाते. पत्नी सरस्वतीबाईंनाच फाळक्यांनी विचारले, तर त्यांनीही नकार दिला. सगळ्या कंपनीचा स्वयंपाक, शिवाय रात्री फिल्मला छिद्रे पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामे ज्या बाईंच्या अंगावर होती, त्यांनी वर तारामतीही व्हावे, अशी अपेक्षा करणे म्हणजे जरा अतिरेकच होता. सरस्वतीबाईंवर स्वतंत्र व्याख्यान व्हावयास हवे, तूर्त इतकेच.

मग ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात फाळक्यांना स्वयंपाकघरात काम करणारा एक तरुण दिसला. सडपातळ अंगलट, नाजूक हात. त्याचे नाव अण्णा साळुंके. त्याला महिना दहा रुपये मिळत होते, फाळक्यांनी पंधरा देऊ केले. भारतीय पडद्यावरची पहिली नायिका ठरली ती अशी. नाटक कंपनीत त्याने वर्षानुवर्षे उमेदवारी केली नव्हती. मिशी उतरवण्याचा प्रश्नही त्या वेळी निघाला, असे सांगतात. बाप हयात असताना मिशी काढणे अशुभ मानले जाई. तेव्हा पौराणिक स्त्रीपात्रे उभी करण्यासाठी नटांना आणि त्यांच्या वडीलधाऱ्यांना आधी राजी करावे लागले.

इथे नाट्यरसिकाच्या मनात सहज एक शंका येते. मराठी रंगभूमीवर स्त्रीपार्ट करणाऱ्या पुरुषांची परंपरा तर १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले तेव्हापासूनची. किर्लोस्करांच्या कंपनीला भाऊराव कोल्हटकर मिळाले ते याच बडोद्यातून, आणि त्यांच्या सुभद्रेने सारा महाराष्ट्र वेडा झाला. मग फाळक्यांना उपाहारगृहाचे स्वयंपाकघर का शोधावे लागले? एक कारण उघड आहे: नाटक कंपनीतले नामांकित स्त्रीपार्टी या नव्या, बेभरवशाच्या खटाटोपाकडे ढुंकूनही पाहणार नव्हते. ज्या १९१३ साली साळुंके तारामती झाले, त्याच वर्षी बालगंधर्वांनी गणेशराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासह गंधर्व नाटक मंडळी काढली. त्या काळी शालूच्या काठापासून केसांच्या खोप्यापर्यंत बालगंधर्वांचे अनुकरण घरोघरच्या स्त्रिया करीत. एकीकडे हे वैभव, आणि दुसरीकडे दादरच्या मथुरा भुवनात उघड्या उन्हात, हाताने फिरवावयाच्या कॅमेऱ्यापुढे उभा असलेला पंधरा रुपयांचा तारामतीपार्टी.

पण दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. रंगभूमीवरच्या स्त्रीपार्टीचा प्राण त्याच्या गळ्यात असे. भाऊराव काय किंवा बालगंधर्व काय, प्रेक्षक त्यांना आधी ऐकत आणि मग पाहत. मूकपटाने हा गळाच काढून घेतला. आता उरले नुसते शरीर: हाताची ठेवण, मान वळवण्याची तऱ्हा, पदर सावरण्याची लकब. गाणाऱ्या नटाचे वर्षानुवर्षांचे भांडवल इथे कवडीमोल होते, आणि म्हणूनच नाजूक हाताचा एक स्वयंपाकी तारामती होऊ शकला. साळुंक्यांच्या यशाला ‘नशीब’ म्हणून मोडीत काढणाऱ्यांनी हा बदल लक्षात घेतलेला नाही. बरे, नुसते शरीर असून भागत नाही. ‘राजा हरिश्चंद्र’चे जे अवशेष आज उपलब्ध आहेत, त्यांत तारामती सख्यांसह जलक्रीडा करीत असल्याचे एक दृश्य आहे. त्या सख्याही पुरुषच. ओली लुगडी अंगाला चिकटलेली, आणि सोंग उघडे पडण्याची पुरेपूर सोय. तरीही त्या घोळक्यात कुणीही थट्टेखोरपणा केलेला दिसत नाही. ती मंडळी आपले काम गंभीरपणे करीत होती. आजच्या प्रेक्षकाला ते दृश्य पाहून हसू येते. त्या काळच्या प्रेक्षकाला ते आले नसावे, कारण स्त्रीवेषातला पुरुष पाहण्याची त्याची नजर रंगभूमीने आधीच तयार केली होती.

१९१७ मध्ये ‘लंकादहन’ आला आणि साळुंके एकदम कीर्तीच्या शिखरावर पोहोचले. या चित्रपटात राम तेच आणि सीताही तेच. हनुमान गणपत शिंदे यांनी केला. भारतीय पडद्यावरची ही पहिली दुहेरी भूमिका मानली जाते, आणि ती एकाच नटाने स्त्री व पुरुष अशा दोन्ही रूपांत केली, हे विशेष. तंत्राच्या दृष्टीने पाहिले तर फाळक्यांची निवड फार चतुराईची दिसते. लंकेच्या कथाभागात सीता अशोकवनात आणि राम समुद्राच्या अलीकडे, दोघांची ताटातूट झालेली. त्यामुळे दोघांना एका चौकटीत आणण्याचा प्रसंग फारसा येत नाही. रामायणकारांनी घडवून आणलेला विरह फाळक्यांच्या कॅमेऱ्याच्या असा पथ्यावर पडला! मुंबईत या चित्रपटाचे खेळ पहाटेपासून उत्तररात्रीपर्यंत चालत आणि राम पडद्यावर दिसताच प्रेक्षक पायांतली पादत्राणे काढून ठेवीत, अशी नोंद सर्वत्र आढळते. ज्याच्यासाठी ती निघत, तो चार वर्षांपूर्वी उपाहारगृहाच्या चुलीपुढे उभा होता. सीतेच्या दंडातले बळ लपत नाही, अशी टीकाही पुढच्या काळात झाली. ती खरीही असेल. पण सीतेचे दंड पाहून प्रेक्षक बिचकले, असे मात्र कुठे दिसत नाही.

आता दुर्गाबाई आणि कमलाबाई. कालक्रमाने त्या ‘लंकादहन’च्या आधीच्या, आणि मुद्दा नेमका तोच आहे. १९१३ मध्येच ‘हरिश्चंद्रा’च्या पाठोपाठ फाळक्यांनी ‘मोहिनी भस्मासुर’ तयार केला. त्यात पार्वती झाल्या दुर्गाबाई कामत, आणि मोहिनी झाली त्यांची जेमतेम तेरा वर्षांची मुलगी कमला. भारतीय चित्रपटात काम करणाऱ्या या पहिल्या स्त्रिया. दुर्गाबाई पतीपासून विभक्त झालेल्या होत्या. पदरी लहान मुलगी. त्या काळी अशा स्त्रीपुढे रस्ते किती होते? कुणाच्या घरी धुणीभांडी करणे, कुणाच्या आश्रयाला जाणे, किंवा त्याहून वाईट काही. दुर्गाबाईंनी फिरती नाटक कंपनी पत्करली. जातीने त्यांना बाहेर टाकले. मुलीचे बालपण रंगपटात आणि बैलगाडीत गेले. म्हणजे फाळक्यांनी विचारले तेव्हा या मायलेकींजवळ समाजाने हिरावून घ्यावे असे फारसे काही शिल्लकच नव्हते. त्यांच्या धाडसाचे कौतुक करताना हे विसरता कामा नये. कित्येक लेखांतून दुर्गाबाईंना ‘बंडखोर’ असे संबोधले जाते. शब्द मोठा गोंडस आहे, पण पोटासाठी केलेल्या कष्टाला बंडाचे नाव दिले की त्या कष्टाची धग कमी होते.

या दोन चित्रपटांच्या बाबतीत एक विलक्षण योगायोग आहे, त्याकडे अभ्यासकांचे लक्ष फारसे गेलेले दिसत नाही. ‘हरिश्चंद्रा’तील तारामती ही कथेत सर्वार्थाने स्त्री, राणी, पत्नी आणि माता, आणि ती साकार केली पुरुषाने. ‘मोहिनी भस्मासुरा’तील मोहिनी ही कथेत मुळात स्त्रीच नव्हे, ते विष्णूने घेतलेले सोंग, एका अर्थी देवादिकांतला स्त्रीपार्टच, आणि ती साकार करायला मात्र खरीखुरी मुलगी मिळाली. पुढे १९१९ मध्ये ‘कालिया मर्दन’मध्ये बाळकृष्ण झाली फाळक्यांची लहानगी कन्या मंदाकिनी. त्या पहिल्या सहासात वर्षांत पडद्यावर कोण पुरुष आणि कोण स्त्री, याचा हिशेब कथेवरून लागत नसे. हाताशी कोण आहे, यावर तो लागे.

म्हणूनच १९१३ साली दोन स्त्रिया मिळाल्या, तर १९१७ साली सीता पुन्हा साळुंक्यांकडे का गेली, या प्रश्नाचे उत्तर अवघड नाही. एक दार उघडले की त्यातून सगळ्या स्त्रिया आत आल्या, असे घडले नाही. दुर्गाबाई आणि कमलाबाई रंगभूमीकडे परतल्या. कमलाबाईंचा विवाह रघुनाथराव गोखले या नटाशी झाला आणि त्यांचे आयुष्य नाटक कंपनीच्या दौऱ्यांना बांधले गेले. तिकडे कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी १९२० मध्ये ‘सैरंध्री’ काढला, तेव्हा गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोघी धीर करून पुढे आल्या. पडद्यासाठी त्यांची नावे कमलादेवी आणि सुशीलादेवी अशी ठेवण्यात आली. चेहरा द्यायचा आणि नाव मागे ठेवायचे, हा व्यवहार त्या काळात स्त्रियांच्या वाट्याला आला. रंगभूमीवरही वाट सोपी नव्हती. अब्दुल करीम खाँ आणि बडोद्याच्या ताराबाई माने यांची कन्या हिराबाई बडोदेकर गाण्याच्या मैफिलींबरोबर नाटकातही उतरली, आणि १ जुलै १९३३ रोजी नाट्यमन्वंतरच्या ‘आंधळ्यांची शाळा’त ज्योत्स्ना भोळे व पद्माबाई वर्तक उभ्या राहिल्या, तेव्हा कुठे कुलीन घरांच्या मनातला आडपडदा किंचित हलला. दुर्गाबाई त्याच्या वीस वर्षे आधीच्या.

कमलाबाईंचे पुढचे आयुष्य हा सुखाचा अध्याय नव्हे. पंचविशीच्या आसपास वैधव्य आले, तिसरे मूल पोटात होते. आईने जे केले तेच त्यांनी केले: मुले सोबत घेऊन नाटकांतून कामे केली. स्त्रियांच्या नाटक मंडळीत त्यांनी पुरुषभूमिकाही केल्या. पडद्यावर पुरुषाने स्त्री व्हावे अशा काळात जिने स्त्री म्हणून पहिले पाऊल टाकले, तिला रंगमंचावर पुरुष व्हावे लागले. पुढे मूकपट आणि बोलपट दोन्हींत त्या दिसल्या, बहुधा दुय्यम भूमिकांत. त्यांचे चिरंजीव चंद्रकांत गोखले मराठी रंगभूमीचे आणि चित्रपटाचे मान्यवर नट झाले, ते २००८ मध्ये निवर्तले. नातू विक्रम गोखले यांची कीर्ती सर्वांना ठाऊक आहे. त्यांचे निधन २०२२ मध्ये झाले. चार पिढ्यांच्या या अभिनयपरंपरेत शेवटच्या दोघांची नावे लोकांच्या ओठांवर असतात, आणि जिथून ही परंपरा निघाली त्या दुर्गाबाईंचे नाव प्रश्नमंजूषेपुरते उरते.

साळुंके पुढे हळूहळू कॅमेऱ्याच्या मागे गेले. मूकपटांच्या काळात त्यांनी छायालेखक म्हणून बरेच काम केले. ज्याने चेहरा दिला तो यंत्राकडे वळला, यात कुणाला अधोगती दिसेल, पण तसे मानण्याचे कारण नाही. ऊन कोणत्या बाजूने यावे म्हणजे चेहरा उजळतो, हे ज्याने स्वतःच्या चेहऱ्यावर अनुभवले त्याच्याइतके दुसऱ्या कुणाला कळणार? १९३१ मध्ये ‘आलम आरा’ने पडदा बोलू लागला आणि मूकपटाची सगळी दुनियाच आवरली गेली. त्यानंतर साळुंक्यांचे नाव चित्रसृष्टीच्या कागदपत्रांतून दिसेनासे होते.

साळुंक्यांच्या कामगिरीची उंची एका उलट उदाहरणावरून मापता येते. १९३५ मध्ये प्रभातच्या ‘धर्मात्मा’त बालगंधर्व पडद्यावर आले ते एकनाथांच्या, म्हणजे पुरुषाच्या भूमिकेत. १९३७ मध्ये ‘साध्वी मीराबाई’त त्यांनी मीरेची भूमिका केली. गळा तोच होता, गाणी होती, आणि दिग्दर्शनास बाबूराव पेंटर होते. तरी प्रेक्षकांनी ती मीरा स्वीकारली नाही. वय झाले होते हे खरे, पण केवळ वयाचे कारण पुरेसे नाही. मधल्या वीस वर्षांत प्रेक्षकाने दुर्गा खोट्यांसारख्या खऱ्या स्त्रिया पडद्यावर पाहिल्या होत्या, आणि कॅमेरा चेहऱ्याच्या फार जवळ येऊ लागला होता. रंगमंचावर दहा-पंधरा हातांच्या अंतरावरून जी जादू चालते, ती त्या अंतरावाचून चालत नाही. साळुंक्यांच्या सीतेला ते अंतर मिळाले होते. रंगभूमीच्या अनभिषिक्त सम्राटाला जे साधले नाही, ते एका स्वयंपाक्याला साधले, असे म्हणण्यात बालगंधर्वांचा अवमान नाही. काळाच्या कोणत्या टोकाला आपण उभे आहोत, यावर नटाचे बरेच काही अवलंबून असते.

या सर्वांचे उरले काय? ‘राजा हरिश्चंद्र’ मूळचा चार रिळांचा, सुमारे ३,७०० फुटांचा. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात, ज्याची स्थापना १९६४ मध्ये झाली, त्यातील पहिले आणि शेवटचे रीळ आहे. तेही १९१३ चे नसून फाळक्यांनी १९१७ मध्ये पुन्हा चित्रित केलेल्या आवृत्तीचे असावे, असे काही अभ्यासक मानतात. ‘लंकादहना’चा एक लहानसा तुकडा उरला आहे. ‘मोहिनी भस्मासुर’ नाहीसा झाला. जुनी नायट्रेटची फिल्म ही एका परीने स्फोटकच. ती उष्णतेने पेट घेते, नाहीतर डब्यात पडून तिचा भुगा होतो. शिवाय तिच्यातली चांदी काढून विकण्यासाठी किती रिळे वितळवली गेली, त्याची गणती नाही. २००३ मध्ये पुण्यात लागलेल्या आगीतही जुन्या नायट्रेट फिल्मचा मोठा साठा जळाला. नाटकाचा प्रयोग हवेत विरतो, हे नटाला ठाऊकच असते. चित्रपटाने मात्र अमरत्वाचे आश्वासन दिले होते, आणि पहिल्याच पिढीच्या बाबतीत ते मोडले. फाळक्यांच्या नावाने १९६९ पासून देशातला चित्रपटाचा सर्वोच्च सन्मान दिला जातो, हे सर्वथा योग्य. त्यांच्या पहिल्या नायिकेच्या नावाने एखादे सभागृह, एखादी गल्लीही नाही.

अशा परिस्थितीत एक गोष्ट मात्र घडली. १९९१ च्या सुमारास रीना मोहन या दिग्दर्शिकेने ‘कमलाबाई’ नावाचा लघुपट केला. त्या वेळी कमलाबाई नव्वदीच्या घरात होत्या, शरीर थकले होते, दृष्टी अधू झाली होती. लघुपटात त्या आपल्या आयुष्याविषयी बोलतात, जुन्या नाटकांतले उतारे म्हणून दाखवतात, हातवारे करतात, मध्येच मिस्कीलपणे थांबतात. तेरा वर्षांच्या मोहिनीचे नृत्य पाहिलेला माणूस आता कुणी उरलेला नाही आणि ती फिल्मही नाही. मूकपटात ज्यांचा आवाज कुणी ऐकला नव्हता, त्या कमलाबाईंचा नव्वदीतला आवाज तेवढा आज ऐकता येतो.